रिकामा चमचा

हौदात कमरेपर्यंत वाकून मी टॉर्चच्या उजेडात अळ्या मोजत होतो. एवढ्यात मागून आवाज आला, "काय पडलं जी तुमचं?"

"काही पडलं नाही. अळ्या मोजतोय."

"मोजून काय करता? बारसं कराचं हाय काय त्याइचं?"

मी डोकं बाहेर काढलं. मोरीच्या दारात पन्नाशीच्या एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, हाताला ज्वारीचं पीठ, आणि चेहऱ्यावर हसूही होतं, लाजही होती. लाज हौदाची होती. मी पांढऱ्या पळीत पाणी काढून त्यांच्यापुढे धरलं. पळीत सतरा अळ्या वळवळत होत्या.

"महिनाभर सुरतले गेलती मी, पोरीच्या बायतपनाले," बाई म्हणाल्या. "नाई तं दर शनिवारी हौद कोरडा करतो मी. काथ्यानं घासतो. ह्याइले सांगून गेलती, पन मानसाच्या हातानं कधी हौद घासल्या जाते काय?"

मी वहीत 'घर क्रमांक चौदा, बोचरे, दूषित' असं लिहिलं. बाईंनी, म्हणजे शेवंताबाई बोचऱ्यांनी, वहीत डोकावून पाहिलं आणि 'दूषित' हा शब्द त्यांना चांगलाच झोंबला. नंतर कितीतरी दिवस त्या मला त्यावरून टोमणे मारत होत्या.

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो. हिवताप विभागात अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर लागलो होतो आणि कुडाळहून उचलून मला थेट वऱ्हाडात, देऊळपिंप्रीला टाकलं होतं. हुद्द्याचं नाव कीटक समाहारक. म्हणजे काय ते गावात कुणाला कळायचं नाही, म्हणून सगळे मला मच्छरवाला म्हणत. आमच्याकडे पाणी घरात शिरू नये म्हणून माणसं धडपडतात. इथे नळ आठवड्यातून एकदा यायचा आणि माणसं घरात हौद, टाकी, पिंप, घागरी, जे मिळेल त्यात पाणी भरून ठेवायची. एवढं पाणी साठवलं की डासांचं फावलंच. दरवर्षी श्रावण-भाद्रपदात गावात डेंग्यूची माणसं सापडायची.

मी राहायचो पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत. दिवसभर लोकांच्या मोऱ्यांत वाकायचं, संध्याकाळी खानावळीत भिंतीकडे तोंड करून जेवायचं आणि खोलीवर येऊन झोपायचं. रविवार तर अंगावर यायचा. एका रविवारी दिवसभरात मी कुणाशीही एक शब्द बोललो नव्हतो, हे रात्री झोपताना लक्षात आलं. मग उगाच मोठ्यानं खोकून पाहिलं, आवाज आहे की गेला म्हणून.

त्या वर्षी जिल्ह्याहून नवं औषध आलं होतं. जाड वाळूसारखं दाणेदार. जिल्ह्याचे कीटकशास्त्रज्ञ पाचपोरसाहेब स्वतः ते घेऊन आले आणि गावातले चारशे बारा हौद त्यांनी निवडून दिले. मोसमभर या हौदांत हे औषध टाकायचं, काय होतं ते लिहायचं. कसोटीला उतरलं तर पुढच्या वर्षी सगळ्या गावाला मिळणार, नाही उतरलं तर परत. पिण्याच्या पाण्यात टाकायचं नाही, फक्त वापरायच्या. बोचऱ्यांचा हौद त्या चारशे बारांत होता.

मी काठीनं पाणी मोजलं, चमचाभर दाणे सोडले, ढवळलं.

"आता मरतीन?" शेवंताबाईंनी विचारलं.

"नाही. हे औषध अळीला मारत नाही, काकी."

"मंग पूजा करते काय तिची?"

"तिला मोठी होऊ देत नाही. अळी वाढते, तिचा कोष होतो आणि कोषातून डास निघतो. हे पाण्यात असलं की कोषापर्यंत जातं सगळं, पण डास काही बाहेर पडत नाही. तिथंच अडकून मरतो."

बाईंनी हौदाकडे जरा वेळ पाहिलं. "म्हंजे जलमभर पोट्टीच राह्यते ते?"

"तसंच म्हणा."

"अन् हे खरं कशावरून? अळ्या तं नाचून राहिल्या."

हा प्रश्न मला चारशे बारा घरांत विचारला गेला होता. जुनं औषध टाकलं की दुसऱ्या दिवशी अळ्या मेलेल्या दिसायच्या आणि लोक खूश व्हायचे. हे टाकून आठ दिवस झाले तरी अळ्या आपल्या मजेत. नुसतं पाण्याकडे पाहून औषध पडलंय की नाही, हे माझ्या साहेबालाही सांगता आलं नसतं. इतर घरांत मी 'बघाल तुम्ही' म्हणून निघून जायचो. शेवंताबाईंना मात्र मी म्हटलं, "एक बरणी द्या."

लोणच्याची रिकामी बरणी निघाली. तिच्यात हौदातलं पाणी आणि दहा कोष घालून वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. "पुढच्या सोमवारी येतो. यातून एक जरी डास निघाला तरी मला शिव्या घाला. आणि हो, हौद आता रिकामा करायचा नाही हं. घासला की भिंतीवरचं औषधही जाईल."

"शनिवारी बी नाई?"

"शनिवारी बी नाही."

"तीस वर्साची सवय हाय मले."

"महिनाभर सोडा."

ही सूचना माझ्या पदरची नव्हती, औषधाच्या पाकिटावरच छापलेली होती. मी ती प्रत्येक घरात सांगत होतो. बहुतेक बायका ऐकून सोडून देत. शेवंताबाईंनी ती ऐकली.

पुढच्या सोमवारी मी गेलो तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. "एक बी नाई निंगाला! अर्धा निंगाला एक, डोस्कं बाहीर अन् धड अंदर. तसाच मेला. आख्ख्या गल्लीनं येऊन पाह्यला." त्यांनी बरणी माझ्यापुढे अशी धरली, की जणू औषध त्यांनीच शोधून काढलं होतं. मग मला आत बसवून चहा दिला. चहाबरोबर ताटलीत भाकरी आणि वांग्याची भाजी आली, कारण बाईंच्या मते माझं तोंड उतरलं होतं.

"नाव काय रे बापा तुहं?"

"उल्हास. उल्हास धुरी."

"उल्लास," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून मी त्या घरात उल्लास झालो.

दुपारी एकला त्यांचे यजमान, गुलाबराव, जेवायला आले. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. कमी बोलणारा माणूस. माझा टॉर्च लुकलुकतोय हे पाहून त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, उघडला, आतली पट्टी वाकवली आणि परत दिला. "आता चालंन," एवढंच म्हणाले. त्यांची पोरगी सुरतेला, पोरगा पुण्याला कंपनीत. घरात दोघंच.

आता आमच्या कामाचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच अडलं. दूषित घराला दर आठवड्याला, ठरल्या वारी जायचं. तिथं जिवंत कोष नाहीत, म्हणजे डास निघत नाहीत, असं लागोपाठ तीनदा दिसलं की वहीत तीन वेळा 'निरंक' पडायचं आणि ते घर आठवड्याच्या यादीतून निघायचं. मग तिकडे एकदम तीन महिन्यांनी. माझी ऑर्डर संपायला चार महिने उरले होते.

पहिलं निरंक त्या सोमवारी पडलं. दुसरं त्याच्या पुढच्या. त्या दिवशी बाईंनी पिठलं केलं होतं आणि आमच्याकडे मासे कसे करतात ते विचारून विचारून नाक मुरडत होत्या. "काटे काढता काढता पोट कधी भरते तुमचं?" गुलाबराव चक्क हसले. मी खोलीवर आलो तेव्हा मला आठवलं, की मी दोन तास बोलत होतो. घसा दुखत होता आणि त्या दुखण्याचं मला फार बरं वाटत होतं.

मग तिसरा सोमवार आला. आदल्या दिवशी नळ येऊन गेला होता. हौद काठोकाठ भरला होता. नवं पाणी भरलं की नवा डोस टाकायचा असा नियम होता. पाण्यात जिवंत कोष नव्हते; डोस टाकून तसं लिहिलं असतं तर ते निरंक तिसरं ठरणार होतं, आणि चौथ्या सोमवारी मला त्या दारात उभं राहायचं काही कारण उरणार नव्हतं.

शेवंताबाई चुलीपाशी होत्या. "टाकलं काय रे औषद?" त्यांनी आतून विचारलं.

मी पाकीट हातात घेतलेलं होतं. चमचाही. चमचा मी पाकिटात घातला नाही. तो तसाच पाण्यात बुडवला आणि ढवळायला लागलो. बाई बाहेर आल्या तेव्हा पाणी गोल फिरत होतं.

"टाकलं," मी म्हणालो.

वहीत मी 'भेट दिली, डोस दिला, जिवंत कोष आढळले, दूषित' असं लिहिलं. कोष आढळले नव्हते. पण पुढच्या सोमवारी ते खरंच आढळले, कारण डासांची अंडी हौदाच्या भिंतीला चिकटून असतात, वर पाणी चढलं की फुटतात, आणि भिंती आता कुणी घासत नव्हतं.

मी अगदीच निष्काळजी होतो असं समजू नका. मी स्वतःशी हिशोब करून ठेवला होता. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. मी दर सोमवारी येणार, टॉर्च मारून एकूण एक कोष पळीनं काढून घेणार, म्हणजे त्या घरात डास उडणार नाही, घर दूषित राहील आणि माझा सोमवारही राहील. औषध जे काम करतं ते मी हातानं करणार, बस्स. चोवीस वर्षांच्या माणसाला स्वतःच्या हुशारीचा फार भरवसा असतो. आणखी दोन सोमवार मी तसंच केलं. वाकून वाकून कोष काढायचो, रिकामा चमचा ढवळायचो, हात धुऊन जेवायला बसायचो.

"तुह्या औषदाले आमचाच हौद काऊन नाई मानत रे?" बाई म्हणायच्या, पण त्यात तक्रार नव्हती. "येजो बरं सोमवारी."

त्यानंतरच्या सोमवारी पोळा होता. शेवंताबाईंनी आधीच बजावलं होतं, "पोयाले इथंच जेवाचं. पुरनाची पोळी. तुमच्या तिकडं काय, भातच भात." मी त्या आठवड्यात दुकानातून त्यांच्यासाठी अर्धा किलो पेढेसुद्धा घेऊन ठेवले. शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून निरोप आला. चाळीस किलोमीटरवरच्या एका गावात तापाचे रुग्ण निघाले होते, रविवारी सकाळी निघायचं, तीन-चार दिवसांचा मुक्काम. बाकी सगळे सणाला घरी जाणार होते. मला कुठे बैल होते?

बोचऱ्यांकडे फोन नव्हता. शनिवारीच जाऊन सांगता आलं असतं. पण शनिवार त्यांच्या घराचा वार नव्हता.

बुधवारी सकाळी मी परत आलो. कोष माझ्या डोक्यात होते. कोष झाल्यावर डास निघायला दोन दिवस पुरतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मी पिशवी खांद्याला लावून त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथे उभा राहून विचार करायला लागलो, की विचारलं तर काय सांगायचं. आज बुधवार, यादी माझ्या खिशात, त्यात चौदा नंबर नाही. बाई दिवसा घरी एकट्या असतात. गल्लीतल्या बायका ओट्यावर बसलेल्या. मी तिथूनच परत फिरलो.

सोमवारी गेलो तेव्हा बाईंनी तोंड फुगवलेलं होतं. पोळ्या दुसऱ्या दिवशी गाईला घातल्या म्हणाल्या. मी पेढे दिले, माफी मागितली, मोरीत गेलो, टॉर्च मारला. पाण्यावर कोषांच्या रिकाम्या साली तरंगत होत्या. मी मोजल्या. एकवीस होत्या.

त्या दिवशी मी खरं औषध टाकलं. दुप्पट टाकलं. उडून गेलेल्या डासांना त्याचा काय उपयोग होता? चहा घेतला नाही. "रागावला काय रे?" बाईंनी विचारलं. मी नाही म्हणालो आणि निघालो. पुढच्या सोमवारीही दारातूनच परत आलो. त्यानंतरच्या सोमवारी दाराला कुलूप होतं.

"शेवंतीले ताप भरला लय," शेजारच्या आजी म्हणाल्या. "डेंगू निंगाला. रक्तातल्या पेशी पार उतरल्या. अकोल्याले नेलं तिले रातीच."

अकोल्याला दिवसातून सहा गाड्या होत्या. मी अकरा दिवसांत एकाही गाडीत बसलो नाही. रोज संध्याकाळी स्टँडवर जायचो, बाकावर बसायचो, अकोल्याहून येणारी माणसं उतरताना पाहायचो आणि परत यायचो. तिथं जाऊन दवाखान्याच्या दारातल्या माणसाला सांगायचं काय, मी पेशंटचा कोण?

अकरा दिवसांनी त्या घरी आल्या, आणि बाराव्या दिवशी पाचपोरसाहेबांची जीप आली. साहेबांनी माझी वही आधीच मागवून घेतली होती.

"चौदा नंबर दाखव," ते म्हणाले. वाटेत गाडीत बोलत होते, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. "चारशे अकरा हौद चोख आहेत. एकच हौद असा, की तीन आठवडे लागोपाठ डोस पडतोय आणि तीन आठवडे जिवंत कोष मिळतायत. आणि त्याच घरात पेशंट. याचा अर्थ कळतो का तुला? इथल्या डासांना औषध पचायला लागलं. आज एका हौदात, महिन्यानं गावभर. मला हे थांबवावं लागेल. उद्याच थांबवावं लागेल, आणि सगळ्या घरांना सांगावं लागेल की यावर विसंबू नका."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. औषध थांबलं असतं तर ऐन मोसमात चारशे बारा हौद उघडे पडले असते. हे मला कळत होतं. आणि तोंड उघडलं तर बोचऱ्यांचं दार कायमचं गेलं असतं, हेही कळत होतं. जीप त्यांच्या दारात थांबेपर्यंत मी काहीच बोललो नाही.

शेवंताबाई खाटेवर बसल्या होत्या, पाठीला उशी लावून. त्या एवढ्या लहान दिसत होत्या, की पहिल्यांदा मला कुणी दुसरंच वाटलं. हातांवर सलाइनचे काळेनिळे डाग होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आला काय रे? मी म्हनलं, सोमवारशिवाय याचं पाऊल पडत नाई."

साहेबांनी गुलाबरावांना विचारलं, "औषध टाकायला हा मुलगा दर आठवड्याला यायचा?"

गुलाबराव उभे राहिले. एवढं बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, ह्या पोराले काई म्हनू नका. आमच्या गल्लीत लोकं दारातूनच हाकलत याले, तरी एक सोमवार चुकवला नाई यानं. पोयाचा एक काय तो चुकला, तो बी तुमच्याच कामानं. हौदात डोस्कं घालून एक एक किडा हातानं वेचे. माह्या पोरानं एवढं केलं नसतं."

"डोस देताना तुम्ही पाहिलाय?"

"मी पाह्यला न," शेवंताबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण ठाम होता. "सवताच्या डोयानं. चमच्यानं ढवये. मी बी तवापासून हौद घासला नाई जी. शनिवार आला की हात वयवयत, पन यानं सांगतलं व्हतं, औषद जाईन म्हनून. मी दुसऱ्या बायाइले बी नाई घासू देल्ला."

साहेबांनी मान हलवली, खिशातून पेन काढलं आणि मांडीवर वही उघडली. "मग माझं काम सरळ आहे. डोस दिला, उपयोग झाला नाही."

"साहेब," मी म्हणालो. "डोस दिला नव्हता."

पेन थांबलं.

"कधी?"

"ते तीन आठवडे. नुसता चमचा फिरवला. रिकामा."

"विसरलास?"

"नाही."

"कंटाळा केलास?"

मी नकारार्थी मान हलवली. साहेबांनी वही माझ्याकडे फिरवली. मग म्हणाले, "नीट सांग. मी आता जे लिहीन त्यावर चारशे बारा घरं आहेत. औषध पाण्यात पडलं होतं की नव्हतं?"

"नव्हतं पडलं. मुद्दाम नव्हतं टाकलं."

साहेबांनी लिहिलं. किती ओळी ते मी पाहिलं नाही. पेनाला टोपण लावलं आणि उठले. "औषधाचा दोष नाही, एवढं कळलं," ते म्हणाले. "संध्याकाळी ऑफिसला ये. सामान जमा करून टाक." दारातून वाकून बाहेर गेले आणि जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

घरात आम्ही तिघं उरलो. गुलाबराव अजून उभेच होते. त्यांचे हात त्यांना कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"काऊन रे?" शेवंताबाईंनी विचारलं.

मी वाकून पळी आणि टॉर्च कोपऱ्यात ठेवले.

"आम्ही काय केलतं तुहं? जेवाले घातलं न रे तुले. का आमची जात आडवी आली, का काही बोललो आम्ही? सांग न."

"तीन वेळा निरंक झालं की घर यादीतून जातं, काकी," मी म्हणालो. "तिसरं होणार होतं. ते झालं असतं तर पुढच्या सोमवारपासून मला इथं यायला... काही काम उरलं नसतं."

त्यांना एकदम कळलं नाही. मग कळलं. मी वर पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं होतं की कशाचं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

"येड्या," त्या म्हणाल्या, "मरत व्हती न रे मी. एवढ्यासाठी?" दम लागला म्हणून थांबल्या. "दार वाजवाचं व्हतं न बापा. नुसतं दार वाजवाचं. मी काय यादी पाहून चहा देत व्हती?"

मी काही बोलायच्या आत गुलाबरावांनी माझी पळी आणि टॉर्च कोपऱ्यातून उचलले, बाहेर जाऊन ओट्यावर ठेवले आणि दारातून बाजूला झाले. "निंग आता," ते म्हणाले. ओरडले नाहीत. शेवंताबाईंनी त्यांना अडवलं नाही, आणि मीही मागे वळून पाहिलं नाही.

औषध त्या गावात चालू राहिलं. त्या मोसमात नंतर तीनच रुग्ण निघाले आणि तिघंही ज्यांनी औषध नाकारलं होतं त्या वस्तीतले. हे मला पुढे साहेबांच्या एका अहवालात वाचायला मिळालं. माझी ऑर्डर तेव्हाच संपली. मग दुसरं काम, तिसरं काम, दुसरं गाव, तिसरं गाव. आता मी गॅसच्या शेगड्या तपासायला घरोघरी जातो. लग्न झालं नाही. झालं नाही म्हणजे कुणाच्या घरी जाऊन विचारायचं राहून गेलं.

गेल्या महिन्यात आमच्या चाळीत नवीन माणसं राहायला आली. नवराबायको, साधारण माझ्याच वयाची. त्यांच्या घरातून संध्याकाळी बोलण्याचा आवाज येतो. परवा मी आंघोळ करून, शर्ट बदलून त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि वाजवलंसुद्धा.

आतून बाईंनी विचारलं, "कोण?"

मी म्हणालो, "शेगडी तपासायची होती."